गार उजेड

माझ्या बायकोचं ब्यूटी पार्लर होतं. होतं म्हणजे अजूनही आहे, पण जिथे होतं तिथे नाही. ते तिथून का गेलं हे सांगायचं तर मला एका फुकटच्या चहापासून सुरुवात करावी लागेल.

त्याआधी माझी ओळख करून देतो. मी एका कंपनीत क्लार्क होतो. कंपनीने एक दिवस मला स्वेच्छानिवृत्ती दिली. (स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी.) घरी बसलो तेव्हा सुरुवातीला बायको म्हणायची, "आता आराम करा." मग नुसतंच "काहीतरी करा" म्हणू लागली. शेवटी तिनेच मला कामाला लावलं. सकाळी पार्लरचं शटर उघडायचं, झाडू मारायचा, पिण्याचं पाणी भरायचं, ओले टॉवेल मागच्या खोलीत वाळत घालायचे आणि दहाच्या आत तिथून निघायचं. दहानंतर गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक सगळं बायकांचं. त्यामुळे ज्या गाळ्याचा केर मी रोज काढत होतो, तिथे दिवसभर काय चालतं हे मला रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही पुरुषाइतकंच माहीत होतं.

हे मला लागायचं. पार्लर तिने एकटीने उभं केलं होतं. मी ऑफिसात जावक रजिस्टरवर शिक्के मारत होतो तेव्हा ती घरोघर जाऊन लोकांच्या भुवया कोरत होती. मग गाळा घेतला, खुर्च्या आणल्या, हाताखाली दोन मुली ठेवल्या. आता ती कमवत होती आणि मी केर काढत होतो, आणि त्यावरून ती मला कधी एक शब्दही बोलली नाही. बोलणारी बायको परवडली. न बोलणारी असली की नवऱ्याला सगळं स्वतःचं स्वतःलाच ऐकवावं लागतं. आपलाही त्या धंद्याला काही उपयोग आहे, एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकावं, अशी माझी फार इच्छा होती.

अशा मनःस्थितीत मी एका दुपारी उन्हातून चाललो असताना एका हॉलबाहेर फलक दिसला: 'छोट्या व्यवसायात वीजबचत. व्याख्यान. सर्वांना प्रवेश. चहापान.' मी शेवटचा शब्द वाचून आत गेलो. हॉल इतका थंड केला होता की पुढच्या रांगेतली मंडळी हात काखेत घालून वीजबचत ऐकत होती. कोट घातलेले एक तज्ज्ञ सांगत होते, "उष्णता तुमची शत्रू आहे! दुकानात उष्णता आली की ती बाहेर काढायला एसी जास्त चालतो. म्हणजे शत्रूला आधी घरात घ्यायचं, मग बाहेर काढायला पैसे मोजायचे!"

मी भारावलो. इतकं साधं, आणि इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही! यापुढे ते बरंच काही बोलले. दिव्यांबद्दलही बोलले म्हणे. पण तेवढ्यात बिस्किटं आली. मी घरी आलो तो एकच वाक्य घेऊन आलो: उष्णता ही शत्रू.

पहिला शत्रू मला दुसऱ्याच दिवशी सापडला. वॅक्स पातळ राहावं म्हणून पार्लरमध्ये एक छोटा हीटर सकाळपासून चालू असतो. मी त्याला टायमर लावून दिला. थोडा वेळ चालू, मग आपोआप बंद. संध्याकाळी बायको घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आज एका बाईच्या एका पायाचं वॅक्सिंग झालं आणि दुसऱ्या पायाला लावायच्या वेळी डब्यात दगड झाला होता."

"मग ती एकाच पायावर गेली?"

"गेली दोन्ही पायांवर. आता दोन्ही पायांनी परत येणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात. आपल्या घरात न्हावी मी आहे आणि रिकामे तुम्ही. निदान माझ्या तुंबड्यांना हात लावू नका."

शहाण्या माणसाने इथे थांबावं. मी वॅक्सचा नाद सोडला आणि काचेकडे वळलो.

गाळ्याची दर्शनी काच मोठी होती आणि तिच्यातून सकाळचं ऊन सरळ आत यायचं. शत्रू असा राजरोस दारातून येत होता! सुटीच्या दिवशी मी त्या काचेला आतून काळी फिल्म चिकटवली. खोटं कशाला बोलू, गाळा खरोखर गार झाला. फक्त ऊन अडवलं की उजेडही अडतो, ही गोष्ट व्याख्यानात आली नव्हती. (किंवा बिस्किटांच्या वेळी आली असेल.) आत भरदिवसा संध्याकाळ झाली.

"हे काढा," बायको म्हणाली.

"अगं, ती निघत नाही. निघणार नाही अशी कंपनीची गॅरंटीच आहे."

तेव्हापासून दिवसभर आरशाभोवतीचे दिवे चालू ठेवायची वेळ आली. मोठ्या आरशाच्या चौकटीत जुने पिवळे बल्ब होते, चांगले जाडजूड. आता ते सकाळपासून जळू लागले आणि एकदा झाडू मारता मारता माझा हात लागला तर चटकाच बसला. म्हणजे ऊन घालवून मी आरशाभोवती शेगड्या पेटवल्या होत्या. हे बल्ब गेलेच पाहिजेत असं मी ठरवलं, आणि आता मागे हटण्यात अर्थ नव्हता.

नेमका तो काळ नाजूक होता. गाळा भाड्याचा होता आणि त्याचा करार संपत आला होता. मालकीणबाई त्याच इमारतीत वर राहायच्या. बायको त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणायचो. (त्या वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत हे मला फार उशिरा कळलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.) गाळ्यावर एका मोबाइलवाल्याचा डोळा होता. पण काकूंनी बायकोला सांगितलं होतं, "माझ्या लेकीचं लग्न आहे. तिला तू नटव. ते नीट पार पडू दे, मग कराराचं बसून बोलू."

याचा अर्थ बायकोला कळला होता आणि मलाही. तो गाळा गेला तर तेवढ्या भाड्यात त्या भागात दुसरा मिळणार नव्हता. दोन मुलींचा पगार, ठरलेलं गिऱ्हाईक, तिची सगळी मेहनत त्या एका चेहऱ्यावर येऊन थांबली होती. लग्नाच्या आदल्या दुपारी ती काकूंच्या घरी रंगीत तालीम करायला गेली. पोरीला खिडकीत बसवून तिने मेकअपची छटा नक्की केली, काकू खूश झाल्या, आणि बायको तिथून परस्पर सामान आणायला बाजारात गेली. मला वाटलं, उद्या तिने नव्या झगमगाटात काम करावं. सरप्राइज द्यायला याहून चांगली संधी कुठली?

मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"एलईडी द्या. आरशाभोवती लावायचेत."

"वॉर्म देऊ की कूल?" दुकानदाराने विचारलं.

आता मला सांगा, ज्या माणसाला उष्णता ही शत्रू आहे एवढं एकच वाक्य येतं, तो काय उत्तर देईल?

"कूल!" मी म्हणालो. "वॉर्म कशाला? आधी गरम व्हायचं आणि मग एसी लावायचा?"

"अहो, ते गरम-थंड नाही हो. ते उजेडाचं..." तो थांबला. "लावायचे कुठे म्हणालात?"

"पार्लरमध्ये."

"मग वॉर्मच न्या. पिवळसर असतात. मेकअपला..."

"तुम्हाला खपवायचे असतील वॉर्म," मी म्हणालो. "मी व्याख्यान ऐकून आलोय."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मुकाट्याने कूलचे खोके काउंटरवर ठेवले. दुकानदार वाद घालत नाहीत. म्हणून त्यांची दुकानं चालतात.

पार्लर त्या दिवशी बंदच होतं. मी जाऊन बल्ब बसवले. जुने लगेच भंगारवाल्याला दिले, म्हणजे बायकोला उगाच मोह नको. दिवे लावून पाहिले. पांढरा, निळसर, टक्क उजेड पडला. आरशात माझा चेहरा ऑपरेशनच्या टेबलावर असावा तसा दिसला, पण माझा चेहरा एरवीही विशेष काही दिसत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

लग्नाच्या दिवशी पार्लर लवकर उघडायचं होतं. मी मागच्या खोलीत टॉवेल वाळत घालत असतानाच बाहेर बायको, काकू आणि नवरी अशा तिघी आल्या. बाहेर पडायची वाट त्यांच्यामधूनच होती. मी ओल्या टॉवेलांच्या आड उभा राहिलो आणि पडद्याच्या फटीला कान लावला. बायकोने बटण दाबल्याचा आवाज आला.

"अहो!" बायको म्हणाली. मी आत आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे.

"ओ," मी टॉवेलामागून म्हणालो.

"अगं बाई! आत पुरुष आहे?" नवरी किंचाळली.

"पुरुष नाही गं. आमचे हे आहेत," बायकोने तिला धीर दिला, आणि मग मला विचारलं, "काय दिवे लावलेत हे?"

"एलईडी," मी अभिमानाने म्हणालो. "कूल!"

"जुने कुठे आहेत?"

"भंगारात."

ब्रशांच्या पिशवीची चेन उघडल्याचं ऐकू आलं. ती कामाला लागली. पण थोड्याच वेळात काकूंचा आवाज चढला.

"अशी काय दिसतेय गं ही? काल किती छान दिसत होती. आज अंगात रक्त नसल्यासारखी."

"काकू, रंग कालचाच आहे. हा उजेड पांढरा आहे म्हणून..."

"ते मला नको सांगू. मला डोळे आहेत. गालाला अजून थोडं लाव."

"उन्हात जास्त दिसेल काकू. आपण हिला जरा दारात नेऊन बघू या का?"

"दारात? बाहेर गाडीत नवऱ्या मुलाची आत्या बसलीय, फोटोग्राफर उभा आहे. अर्धवट तोंडाने पोरीला बाहेर काढू? लाव म्हणते ना!"

तिने काचेकडे पाहिलं असणार. काचेवर माझी फिल्म होती. तिने थोडा रंग लावला. काकू म्हणाल्या, अजून. तिने अजून लावला. गार उजेड रंग पीत होता आणि काकू वाढत होत्या. शेवटी काकू म्हणाल्या, "हां! आता कशी नवरी दिसतेय!" आणि तिघी बाहेर उन्हात गेल्या.

मी पडद्यामागून निघून दारापर्यंत पोचलो तेव्हा फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला होता. त्याने तो हळूच खाली घेतला.

"मॅडम," त्याने नवरीला अदबीने विचारलं, "फेस धुऊन येणार ना आधी?"

पोरगी विटेसारखी दिसत होती. नवी, पक्की भाजलेली वीट. गाडीतल्या आत्याबाईंनी काच खाली करून विचारलं, "मुलीला ताप आहे का?" नवरीने गाडीच्या आरशात पाहिलं आणि तिचा ओठ थरथरू लागला.

आणि मग माझी बायको काय आहे हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तिने पार्लरमधली खुर्ची उचलून फुटपाथवर आणली, पोरीला उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाली, "रडायचं नाही. डोळे मीट." कापसाने सगळं पुसलं आणि भर रस्त्यावर, बघ्यांच्या गर्दीत, पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्याकडे न बघता तिने माझ्या हातात आरसा दिला. मी तो धरून उभा राहिलो. (त्यातलं ऊन आत्याबाईंच्या डोळ्यांत जात होतं हे नंतर कळलं. त्यांनी गॉगल लावला म्हणजे त्या मॉडर्न असाव्यात, असं मला तेव्हा वाटलं.) तिचा हात एकदाही अडखळला नाही. पोरगी उठली तेव्हा बघ्यांतल्या एका बाईने चक्क टाळ्या वाजवल्या. अशी देखणी नवरी त्या रस्त्याने पाहिली नसेल.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे गं. ये पुढच्या आठवड्यात. कराराचं बोलू."

बायको खुर्ची घेऊन आत गेली. माझ्या छातीवरचा दगड उतरला. सगळं निभावलं होतं. मी तिथे तोंड मिटून उभा राहिलो असतो तर गाळा आजही आमचा असता. पण आपणही काही केलं पाहिजे, निदान मनापासून माफी मागितली पाहिजे, असं मला वाटलं. हात दाखवून अवलक्षण कसं करतात ते आता पाहा. काकू लेकीला घेऊन गाडीत बसल्या होत्या. मी गाडीच्या खिडकीशी गेलो.

"काकू," मी म्हणालो, "मेकअपवर राग धरू नका. दोष सगळा उजेडाचा. आतल्या उजेडात कुणाचंही काहीही खपून जातं हो! माणूस उन्हात आणला की मग कळतं, मुळात काय आहे ते."

"मुळात काय आहे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे तुमची मुलगी आता दिसतेय ना, ती सगळी हिच्या हातची कमाल. एरवी कसं आहे, असेल ते दिसणारच."

मागच्या सीटवरच्या आत्याबाईंनी गॉगल काढला. "असं होय?" त्या काकूंना म्हणाल्या. "तरीच तुम्ही आम्हाला दर वेळी संध्याकाळी बोलवत होता!"

काकूंनी गाडीची काच वर केली. ऊन लागत असेल, मला वाटलं. उष्णता ही शत्रूच. मी हात हलवून निरोप दिला.

पुढच्या आठवड्यात बायको कराराचं बोलायला वर गेली आणि फार लवकर खाली आली. पाणी प्यायली. ग्लास ठेवला.

"नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "गाळा मोबाइलवाल्याला देणार."

"अगं पण का? शेवटी तर पोरगी इतकी सुंदर दिसत होती!"

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिने डोळे वळवले.

"दिव्यांमुळे," ती म्हणाली.

माझं पित्त खवळलं. मी तडक त्या विजेच्या दुकानात गेलो आणि त्या माणसाशी कचकचून भांडलो. "तुमच्या दिव्यांनी माझ्या बायकोचा धंदा बुडवला!" असं मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं. तो नुसता म्हणाला, "वॉर्म देऊ का बदलून?" आता वॉर्म कुठे लावणार होतो मी?

गाळा सोडला. खुर्च्या आणि आरसा आमच्या घरी आले, दुसऱ्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत. निम्मं गिऱ्हाईक जिने चढायला तयार झालं नाही. हाताखालच्या दोन मुलींना तिने निरोप दिला. त्यातली धाकटी जाताना रडली, आणि त्या दिवशी बायको पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिलो. तिने तो घेतला नाही. मग तिने डोळे पुसले, आरशाभोवती स्वतः पिवळसर दिवे बसवले आणि पुन्हा पहिल्यासारखं एकटीनेच सुरू केलं.

बायकांचं पार्लर घरात आलं म्हटल्यावर दहा ते सात मी घराबाहेर. जिन्याच्या वळणावर एक प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसतो. येणारे-जाणारे विचारतात, "किल्ली विसरलात का?" मी मान हलवतो. वीजबचतीचं म्हणाल तर ती उत्तम झाली. एवढंसं पार्लर, एकच मीटर, आणि मी बसतो तिथे पंखासुद्धा नाही.

परवा जिन्यात धापा टाकण्याचा आवाज आला. पाहतो तर काकू! एकेक पायरी चढत वर येत होत्या. मला पाहून त्या वळणावर थांबल्या आणि कठड्याला टेकल्या.

"काकू, तुम्ही?"

"केस रंगवायला आले. हात चांगला आहे तिचा. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता."

"मग काकू," मी विचारलं, "चार दिव्यांसाठी तुम्ही तिचा गाळा काढून घेतला?"

"दिवे?" काकू बघतच राहिल्या. "दिव्यांचं काय घेऊन बसलात? पोरीचं तर तिने सोनं केलं होतं. मी करारावर सही करणार होते. पण तुम्ही गाडीशी येऊन जे बोललात ना, ते ती आत्या माझ्या लेकीला अजून ऐकवते. दर सणासुदीला, येता-जाता. 'असेल ते दिसणारच' म्हणे! तुमचं तोंड रोज सकाळी माझ्या इमारतीत बघायचं? शक्यच नव्हतं."

मी स्टुलावर बसलो. (बसलेलोच होतो, आणखी बसलो.) माझ्या दिव्यांनी काहीच बिघडलं नव्हतं. जे बिघडलं ते माझ्या माफीने.

"काकू," मी हात जोडले, "एक विनंती आहे. हे हिला सांगू नका. तिला वाटतंय दिव्यांमुळे गेलं. तसंच वाटू दे."

"तिला?" काकू पुढची पायरी चढता चढता वळल्या. "अहो, तिला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. तीच मला म्हणाली, 'काकू, त्यांना बोलू नका. दिव्यांमुळे गेलं असंच वाटू दे त्यांना. दिवे निदान बदलता तरी येतात.'"